आठ सेकंदांचा कायदा

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली होती: ‘सर, सरकारनं माझ्याच भल्यासाठी माझ्यावर सक्ती करावी की करू नये, एवढं एका वाक्यात सांगा.’ एका वाक्यात सांगता आलं असतं तर तत्त्वज्ञान शिकवून मी इतकी वर्षं पोट भरू शकलो नसतो. तेव्हा वाक्याऐवजी आज एका यंत्राची गोष्ट सांगतो. हे यंत्र अमेरिकेत जन्मलं आणि कायद्याच्या दृष्टीनं जेमतेम सव्वा वर्ष जगलं. पण आपल्या प्रश्नाचे सगळे धागे त्या सव्वा वर्षात सापडतात.

१९७३चा ऑगस्ट संपत आलाय. अमेरिकेतल्या कारखान्यांतून १९७४च्या मॉडेलच्या नव्या मोटारी बाहेर पडतायत. समजा, तुम्ही त्यातली एक घेतलीत. आत बसलात, किल्ली फिरवली, आणि गाडी ढिम्म. का? तर बेल्ट लावलेला नाही. बेल्ट आधीच अडकवून त्याच्यावर बसलात, तरी ढिम्म. कारण यंत्राला क्रम कळत होता: आधी बसायचं, मग बेल्ट, मग किल्ली. शेजारच्या सीटखालीही वजन ओळखणारी कळ होती. तिथे तुम्ही बटाट्याची पिशवी ठेवलीत किंवा कुत्रा येऊन बसला, तर बटाट्यांना आणि कुत्र्याला बेल्ट लावल्याशिवाय इंजिन सुरू व्हायचं नाही. याचं नाव इंटरलॉक. बिघडलाच तर बॉनेट उघडून आत एक बटण दाबायची सोय ठेवली होती. पावसात, साडी नेसून ते बटण शोधणाऱ्या बाईची कल्पना करा. अर्थात तिथे साड्या नव्हत्या, पण पाऊस होता.

हे यंत्र आलं कुठून, ते थोडं मागे जाऊन पाहावं लागेल.

अपघात म्हणजे चालकाची चूक, ही १९६५पर्यंतची सर्वमान्य समजूत. त्यामुळे उपाय कोणते? चालकाला शिकवा, समजवा, दंड करा. त्या वर्षी राल्फ नेडर नावाच्या तरुण वकिलाचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक आलं. चुका माणसं करणारच, पण चूक झाली की मरण यावं अशी गाडी बांधता कशाला, असा त्याचा सवाल होता. जनरल मोटर्सनं त्याच्यामागे खासगी गुप्तहेर लावले. ते उघडकीला आलं आणि कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. सप्टेंबर १९६६मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी मोटार सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. नव्या खात्याचे पहिले प्रमुख झाले विल्यम हॅडन. मला हा माणूस फार महत्त्वाचा वाटतो. तो इंजिनिअर नव्हता, पोलीसही नव्हता. सार्वजनिक आरोग्यातला डॉक्टर होता. मलेरियाचा डॉक्टर ‘डास चावून घेऊ नका’ असा उपदेश करत बसत नाही, डबकं बुजवतो. हॅडन यांनी रस्त्याकडे तसं पाहिलं. धडक झाल्यावर शरीराला नेमकं काय लागतं? स्टिअरिंगचा दांडा छातीत घुसतो. मग दांडाच दुमडणारा करा. काच मान कापते, मग काच बदला.

आता एक गंमत लक्षात घ्या. दांडा बदलला, काच बदलली, आणि हे सगळं सरकारी सक्तीनंच झालं. किंमत ग्राहकानंच मोजली. तरी ‘आम्हाला छातीत घुसणारा दांडा हवा, तो आमचा हक्क आहे’ म्हणून कुणी मोर्चा काढला नाही. सक्ती तीच होती, पण ती कारखान्याच्या दारातच थांबत होती. आपल्या हाताला तिचा स्पर्श होत नव्हता.

बेल्टचं तसं नाही. बेल्टला तुमचा हात लागतो. व्होल्व्होच्या निल्स बोलिन यांनी आज आपण वापरतो तो तीन टोकांचा बेल्ट १९५९मध्येच बनवला होता, आणि कंपनीनं ती रचना इतरांना खुली करून दिली. १ जानेवारी १९६८पासून अमेरिकेत प्रत्येक नव्या गाडीत बेल्ट असणं सक्तीचं झालं. असणं, बरं का, लावणं नव्हे. लोक त्याच्यावर बसत. पुढच्या सीटवरच्या माणसाचा प्राणांतिक इजेचा धोका हा बेल्ट ४५ टक्क्यांनी कमी करतो, असा तिथल्या सरकारी खात्याचा हिशेब आहे. एवढी स्वस्त, एवढी परिणामकारक वस्तू, आणि ती सीटच्या फटीत धूळ खात पडलेली.

मग खात्यानं विचार केला, की माणसाच्या हातावर विसंबायलाच नको, एअरबॅग आणा. मोटार कंपन्यांना ते नको होतं. २७ एप्रिल १९७१ रोजी हेन्री फोर्ड द्वितीय आणि ली आयकोका अध्यक्ष निक्सन यांना भेटले. निक्सन आपल्या दालनातली संभाषणं गुपचूप ध्वनिमुद्रित करत असत, म्हणून ही भेट आज आपल्याला शब्दशः उपलब्ध आहे. त्यानंतर एअरबॅगची मुदत पुढे गेली आणि तिच्या जागी एक स्वस्त पर्याय आला: हाच आपला इंटरलॉक. म्हणजे ज्याला पुढे लोक ‘सरकारची दादागिरी’ म्हणाले, ते यंत्र काही प्रमाणात सरकार उद्योगांपुढे वाकल्यामुळे जन्मलं होतं. इतिहासात असं होतं. शिव्या एकाला पडतात आणि करता करविता दुसराच असतो.

यंत्र चाललं का? एका अर्थी चाललं. त्या गाड्यांत बेल्ट लावणाऱ्यांचं प्रमाण आधीच्या गाड्यांपेक्षा बरंच वाढलं. पण लोक खवळले. त्या वर्षीची हवा आठवा. अरब देशांनी तेल रोखलेलं, पेट्रोल पंपांवर रांगा, जानेवारी १९७४पासून देशभर तासाला ५५ मैलांची वेगमर्यादा. वरून वॉटरगेट. सरकार खोटं बोलतं, चोरून ऐकतं, हे रोज टीव्हीवर दिसत होतं. आणि त्याच सरकारचं एक यंत्र माझ्या गाडीत बसून मला किल्ली फिरवू देत नाही! लोकांनी वायरी कापल्या. काँग्रेसच्या सदस्यांकडे तक्रारींचा पाऊस पडला.

९ ऑगस्ट १९७४ला निक्सन पायउतार झाले. तिसऱ्या दिवशी, १२ ऑगस्टला, प्रतिनिधिगृहानं इंटरलॉकच्या सक्तीवर बंदी घालणारी दुरुस्ती ३३९ विरुद्ध ४९ मतांनी मंजूर केली. ती मांडली होती न्यू हॅम्पशायरच्या लुईस वायमन यांनी. २७ ऑक्टोबरला नवे अध्यक्ष फोर्ड यांची सही झाली. त्या कायद्यात एक आकडा आहे, तोच आजच्या व्याख्यानाचं नाव. किल्ली फिरवल्यानंतर आठ सेकंदांपेक्षा जास्त वाजणारी सूचनाघंटा सरकारला सक्तीची करता येणार नाही, असं त्यात लिहिलं गेलं. विचार करा. स्वातंत्र्य आणि राज्यसत्ता यांची सीमारेषा कुठे, यावर तत्त्वज्ञांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. एका संसदेनं ती घड्याळ लावून मोजली. सरकारनं नागरिकाच्या कानाशी किती वेळ भुणभुण करावी? आठ सेकंद. नववा सेकंद म्हणजे जुलूम.

माझ्या वर्गात बसलेल्यांना इथे मिलचा पूल आठवला असेल. जॉन स्टुअर्ट मिल, ‘ऑन लिबर्टी’, १८५९. आपल्या आगरकरांवर या माणसाचा केवढा प्रभाव होता, हे तुम्हाला माहीत आहेच. मिल म्हणतो, एक माणूस पुलावर पाऊल टाकतोय, पूल नक्की मोडका आहे, आणि ओरडून सांगायला वेळ नाही. तेव्हा त्याला धरून मागे ओढलंत तर त्याचं स्वातंत्र्य तुम्ही हिरावलेलं नाही, कारण नदीत पडण्याची त्याची इच्छाच नव्हती. पण पूल पडेलच असं नसेल, नुसता धोका असेल, तर त्याला इशारा द्या आणि जाऊ द्या. धोका पत्करायचा की नाही हे त्याचं तो ठरवेल.

आता सांगा, बेल्टशिवाय केलेला प्रवास हा कुठला पूल? एका फेरीत अपघात होण्याची शक्यता नगण्य. हजारदा भाजी आणायला जाल आणि हजारदा परत याल. म्हणजे हा नुसत्या धोक्याचा पूल झाला. इशारा द्या आणि सोडा. आठ सेकंदांची घंटा म्हणजे मिलच्या पुलावरची पाटी! पण मोटारीच्या अख्ख्या आयुष्याचा आणि सगळ्या देशाचा हिशेब मांडलात, तर माणसं मरणार हे अगदी नक्की असतं. फक्त कोण, हे ठाऊक नसतं. १९६६ सालात तिथे पन्नास हजारांवर माणसं रस्त्यावर मेली. मिलचा पूल एका माणसाचा आहे. वीस कोटी माणसं रोज दोनदा ओलांडतात, त्या पुलाचं काय, हे मिलच्या त्या पानावर नाही.

तरीसुद्धा १९७४च्या त्या चिडलेल्या माणसांच्या बोलण्यात काही तथ्य होतं, असं मला वाटतं. कायदा माझ्याशी बोलतो. तो म्हणतो, ‘हे कर, नाहीतर दंड भर.’ मी ऐकू शकतो, मोडू शकतो, मोडून कोर्टात माझं कारण सांगू शकतो. बायकोला कळा सुटल्या होत्या हो, सिग्नल तोडला, असं मी पोलिसाला सांगितलं तर त्यालाही माणसाचे कान असतात. यंत्र बोलत नाही आणि ऐकतही नाही. माझ्याकडून ते आज्ञापालनाची अपेक्षाच करत नाही. आज्ञाभंगाची शक्यताच काढून घेते. ज्याला खोटं बोलताच येत नाही, त्याला आपण सत्यवचनी म्हणतो का?

हा युक्तिवाद मी बरीच वर्षं मोठ्या तोऱ्यात मांडत असे. मग एकदा एका जुन्या इमारतीत लिफ्टसमोर उभा होतो. सरकत्या जाळीची लिफ्ट. वरच्या मजल्यावर कुणीतरी जाळी अर्धवट लावून गेलं होतं, त्यामुळे लिफ्ट हलेना. मी जिने चढलो, चरफडलो, पण ‘माझं स्वातंत्र्य गेलं’ असं काही मनात आलं नाही. अहो, ते इंटरलॉकच होतं की! जाळी उघडी असताना वर-खाली करण्याचा माझा हक्क त्या लिफ्टनं कधीच काढून घेतला होता. मग मोटारीतच कशाला राग यावा? मोटार ‘माझी’ असते, हे त्याचं एक उत्तर. पण ते मालकीच्या भावनेबद्दल झालं. स्वातंत्र्याबद्दलचं उत्तर ते नव्हे.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण खरा उपरोध पुढेच आहे. यंत्र गेलं, बेल्ट पुन्हा फटीत गेले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शंभरातले जेमतेम दहा-पंधरा चालक बेल्ट लावत. रेगन सरकारनं १९८१मध्ये एअरबॅगसारख्या आपोआप काम करणाऱ्या साधनांचा नियमच रद्द केला. विमा कंपन्या कोर्टात गेल्या, आणि १९८३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारला सांगितलं, की असा नियम पुरेशी कारणं दिल्याशिवाय काढता येणार नाही. मग १९८४मध्ये वाहतूक मंत्री एलिझाबेथ डोल यांनी तोड काढली: साधनांचा नियम परत येईल, पण दोन तृतीयांश लोकसंख्येच्या राज्यांनी १ एप्रिल १९८९पूर्वी बेल्ट लावण्याची सक्ती करणारे कायदे केले, तर तो मागे घेऊ. झालं! मोटार कंपन्या राज्याराज्यांत अशा कायद्यांच्या प्रचाराला लागल्या. न्यूयॉर्कनं १९८४मध्येच पहिला कायदा केला. ती अट काही पुरी झाली नाही, त्यामुळे एअरबॅगही आल्या आणि पोलिसही आले.

पोलीस आले म्हणजे काय, ते ऐका. १९९७, टेक्सासमधलं एक छोटं गाव. एक आई आपल्या दोन लहान मुलांना घेऊन चालली होती, बेल्ट न लावता. गुन्ह्याला जास्तीत जास्त दंड पन्नास डॉलर. पोलिसानं तिला हातकड्या घालून कोठडीत नेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २००१मध्ये पाच विरुद्ध चार अशा निकालानं न्यायालय म्हणालं, की अटक घटनेत बसते. इंटरलॉकनं काय केलं असतं? गाडी सुरू केली नसती. तिनं दोन शिव्या घातल्या असत्या, बेल्ट लावला असता आणि घरी गेली असती. यंत्राच्या सक्तीला जुलूम म्हणून हाकलून दिलं, आणि त्याच दारानं हातकडी आत आली. यातली कुठली सक्ती जास्त अपमानकारक, हे मला आजही ठरवता येत नाही.

वायमन यांच्या न्यू हॅम्पशायरमध्ये मात्र प्रौढांना बेल्टची सक्ती आजही नाही. त्या राज्याच्या नंबरप्लेटवर ‘स्वतंत्र जगा, नाहीतर मरा’ अशा अर्थाचं ब्रीद असतं. एका नागरिकानं धर्मश्रद्धेपोटी ते झाकलं, तर त्याला तुरुंगात टाकलं! १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की बाबांनो, स्वातंत्र्याच्या घोषणेची तरी सक्ती करू नका.

हसलात, ठीक आहे. आता एक गोष्ट सांगतो, ती हसण्यासारखी नाही.

आपल्याकडे ‘हेल्मेटसक्ती’ हा शब्द काय आहे, हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ हे १९८८पासून आहे, पण अंमलबजावणीची लाट आली की विरोधाचीही लाट येते. अमेरिकेतही हेच झालं होतं. केंद्रानं महामार्गांच्या निधीची अट घातल्यामुळे १९७५पर्यंत ४७ राज्यांत मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं, १९७६मध्ये संसदेनं ती अट काढली, आणि त्यानंतर निम्म्याहून अधिक राज्यांनी आपले कायदे रद्द किंवा सैल केले. तर मी निवृत्त व्हायच्या काही वर्षं आधीची गोष्ट. हेल्मेटसक्तीविरोधात एक सभा होती, आणि मी तिथे बोललो. आज सांगितलेला मिलचा पूल तिथेही सांगितला. टाळ्या पडल्या. आमच्या अर्थशास्त्र विभागातले एक सहकारी, माझे मित्र, श्रोत्यांत होते. हेल्मेट त्यांच्या स्कूटरला लटकवलेलं असायचं. बाहेर पडताना म्हणाले, ‘तू पटवलंस बुवा,’ आणि त्या दिवसापासून ते हेल्मेट घरी राहिलं.

पुढच्या वर्षी पहिल्या पावसात त्यांची स्कूटर घसरली. वेग काही फार नव्हता. जीव वाचला. पण शब्द गेले. ‘चहा’ म्हणायचं असेल तर ‘खुर्ची’ म्हणत आणि स्वतःवरच चिडत. नऊ वर्षं वहिनींनी त्यांचं सगळं केलं. नोकरी सोडली, मुलीचं परदेशी शिक्षण राहिलं. मी जात असे. एकदा त्या चहा टाकत असताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘भावजी, तुमच्या त्या मिलनं माझा विचार केला होता का हो?’

मी काही बोललो नाही. खरं उत्तर असं, की केला होता. त्याच पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात तो म्हणतो, की कुणीही माणूस पूर्ण एकटा नसतो. माझ्या वागण्यानं दुसऱ्याविषयीचं माझं ठरलेलं कर्तव्य मला पार पाडता येईनासं झालं, तर तो प्रश्न माझा एकट्याचा राहत नाही. ही पानं मी वाचली होती, शिकवलीही होती. सभेत मात्र वगळली, कारण त्यांना टाळ्या पडल्या नसत्या.

म्हणून मी आता सक्तीचा समर्थक झालो, असं समजू नका. तेवढं सोपं नाही, आणि आजचं यंत्र १९७४चं राहिलेलं नाही. भारतात १ जुलै २०१९पासून नव्या मोटारींत पुढच्या दोन्ही सीटांसाठी बेल्टची आठवण देणारी घंटा सक्तीची झाली. त्यावर आपण काय शोधलं? क्लिप. बेल्टच्या टोकाला जी धातूची जीभ असते, तेवढीच सुटी विकत मिळायची. खाचेत अडकवली की घंटा गप्प. सप्टेंबर २०२२मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर ही चर्चा पेटली, आणि मे २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन विक्रेत्यांना या क्लिपा काढून टाकण्याचा आदेश दिला. घंटा चुकवायला पदरचे पैसे खर्च करणाऱ्या माणसाला मी स्वातंत्र्यवीर म्हणणार नाही. घंटा नको असेल तर बेल्ट लावायला तेवढाच वेळ लागतो.

पण अमेरिकेत नोव्हेंबर २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्यात एक कलम आलंय. नशेत असलेला चालक आपोआप ओळखून गाडी रोखणारं तंत्र नव्या मोटारींत असावं, यासाठी मानक ठरवा, असं ते सांगतं. मुदत तीन वर्षांची होती, ती टळून गेली. २०२३मध्ये या तरतुदीचा निधी अडवण्याचा प्रस्ताव प्रतिनिधिगृहात फेटाळला गेला. दारू पिऊन चालवणारा दुसऱ्याला मारतो. इथे मिलसुद्धा सरकारच्या बाजूनं उभा राहील. माझी अडचण वेगळी आहे. १९७४चा इंटरलॉक मुका होता, आंधळा होता आणि विसराळूही होता. बटाटे आहेत की प्राध्यापक, हे त्याला कळत नव्हतं, आणि काल तुम्ही कुठे गेलात याची नोंद तो ठेवत नव्हता. त्याला फक्त वजन आणि खटका समजत होता. चालकाच्या डोळ्यांकडे कॅमेरा लावणाऱ्या यंत्राला लक्षात ठेवता येतं, आणि जे लक्षात ठेवतं ते दुसऱ्याला सांगूही शकतं. विमा कंपनीला, पोलिसाला, मालकाला. ‘सरकार माझ्या गाडीत शिरलं’ ही ओरड त्या बिचाऱ्या इंटरलॉकबद्दल फारशी खरी नव्हती. आता ती खरी ठरू शकते.

या नव्या यंत्राबद्दल मी दोनच गोष्टी विचारीन. गाडी थांबवण्यापलीकडे ते काय साठवतं? आणि त्यानं चूक केली, न प्यायलेल्या माणसाला रात्री घाटात अडवलं, तर त्याचं म्हणणं ऐकायला कुणी माणूस आहे का? बॉनेटखालचं ते बटण तरी ठेवा. वहिनी आज असत्या तर त्यांनी तिसरा प्रश्न विचारला असता, आणि तो त्यांनी मला चहा टाकताना विचारलाच आहे.

बरं, वेळ झाली. प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतला तो हात बराच वेळ वर आहे, आधी ते बोलतील.